गुळाचा कायदा

॥ श्री महादेव प्रसन्न ॥

अहमदपूर,
सोमवार, ७ जुलै २०२५

चि. सौ. सुकन्या हिला गुरुबसप्पामामाचे पोटभर आशीर्वाद.

वि. वि. आधी सगळ्यांच्या तब्येती एकेक करून कळव. पहिली तुझ्या सासूची, म्हणजे माझ्या अक्काची. दवाखान्यातून घरी आणलं असं समजलं, तिचा उजवा हात उचलतो का? वीरेशची साखर कशी आहे, का अजून प्रसादाच्या नावाखाली पेढा खाऊन राहिला? शांभवी नांदेडला क्लासला राहते, तिला मेसचं जेवण मानवतं का? तुझी कंबर? गाय व्याली का, आणि व्याली असली तर तिची तब्येत?

इथं रविकिरण आणि सूनबाई ठीक. माझा गुडघा नवीन बसवून दोन महिने झाले. तो माझ्यापेक्षा सत्त्याहत्तर वर्षांनी लहान आहे, त्यामुळं आमचं अजून जुळलं नाही. डॉक्टरांनी पंचवीस तारखेपर्यंत एसटीची पायरी चढायची नाही असं बजावलं आहे, नाहीतर अक्काला झटका आला त्याच दिवशी मी लोह्याला आलो असतो. फोनवर मला नुसता भुंगा ऐकू येतो. रविकिरणनं कानात घालायचं मशीन आणलं, त्यात भुंगा जरा मोठा ऐकू येतो. म्हणून चिठ्ठी. आमच्या गल्लीतले गुरुपादप्पा मास्तर रोज लोह्याच्या शाळेला अपडाऊन करतात. चिठ्ठी त्यांच्या डब्याच्या पिशवीत टाकली आहे, उत्तर पण त्याच पिशवीत टाक. डबा गळका आहे, तेवढं कागदाला प्लास्टिक गुंडाळ.

मास्तरांनी सांगितलं की अक्का बोलते, पण घरात कुणाला कळत नाही. याचा सविस्तर खुलासा व्हावा. माझी भाषा अधूनमधून अशी वर्तमानपत्रासारखी होते, तिकडं लक्ष देऊ नको. चौथीनंतर मी शिकलो तो दुकानातल्या रद्दीवर, पुड्या बांधता बांधता. म्हणून मला बातम्या लई ठाऊक आहेत, पण अर्ध्या.

आशीर्वाद आहेतच. उत्तर उद्याच दे.

तुझा,
गुरुबसप्पामामा


लोहा,
मंगळवार, ८ जुलै

तीर्थरूप मामा यांस,
सुकन्याचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

आपली चिठ्ठी पोचली. प्लास्टिक असूनही एका कोपऱ्याला वरणाचा वास आहे, पण सगळं वाचता आलं. ह्यांची साखर बरी आहे. शांभवीला मेस मानवत नाही, पण वजन वाढलं आहे. गाय व्याली, कालवड झाली. माझी कंबर आहे तशी.

आत्याबाईंचा हात उचलतो, चालतात पण धरून. जीभ जड नाही. उलट पूर्वीपेक्षा जास्त बोलतात. पण मामा, मराठी गेली. सगळी गेली. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं की असं होतं कधी कधी, नंतर शिकलेलं पुसतं आणि आधी शिकलेलं राहतं. आत्याबाई आता नुसतं कानडी बोलतात, आणि ह्या घरात कानडी येणारं त्या सोडून कुणी नाही. शांभवीनं मोबाईलवर त्यांचं बोलणं टाकून बघितलं. मोबाईलनं सांगितलं की नदीच्या पलीकडं सरकारी इमारत आहे. बँकेत धारवाडकडचे एक साहेब आहेत, त्यांना ह्यांनी घरी बोलावलं. ते अर्धा तास ऐकत बसले आणि म्हणाले की हे कानडीच आहे, पण माझ्या पणजीला कळलं असतं.

परवा आपण फोन केला होता तो मी त्यांच्या कानाला लावला. आपण बोलला, त्या रडल्या नाहीत का हसल्या नाहीत. नंतर बँकेच्या साहेबांनी त्यांना कळलं तेवढं सांगितलं, ते लिहू का नको असं झालं, पण लिहिते. माझा तम्मा एवढासा आहे, हा म्हातारा कोण, असं त्या विचारत होत्या. तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, हे मला साहेबांनीच सांगितलं.

आता खरी काळजी. आत्याबाई जेवत नाहीत. ताट समोर ठेवलं की काहीतरी विचारतात, मी भाकरीकडं बोट दाखवते, त्या मान फिरवतात. पाच दिवसांत घोट घोट दूध तेवढं गेलं. डॉक्टर म्हणाले की सोमवारपर्यंत असंच राहिलं तर नाकातून नळी घालावी लागेल. ह्या वयात एकदा नळी बसली की लवकर निघत नाही असंही म्हणाले.

आपल्याला आठवतील तेवढे कानडी शब्द लिहून पाठवा. मराठी अक्षरात लिहिले तरी चालतील.

आपली आज्ञाधारक,
सुकन्या


अहमदपूर,
बुधवार, ९ जुलै

चि. सौ. सुकन्या, अनेक आशीर्वाद.

कालवड झाल्याचं वाचून आनंद झाला. बाकी चिठ्ठी दोनदा वाचली.

तम्माबद्दल लिहिलंस ते बरं केलंस. मी म्हातारा आहे हे बरोबरच आहे.

शब्द आठवायला बसलो तर आधी एकही येईना. पंचेचाळीस वर्षांत तोंडातून काढले नाहीत. मग दुकानात पोत्यावर जाऊन बसलो आणि एकेक वस्तूकडं बघत गेलो, तसे ते निघाले, सांदीतून झुरळ निघावं तसे. पाण्याला नीरु. भाकरीला रोट्टी. गुळाला बेल्ला. पाहिजे म्हणजे बेकु, आणि नको म्हणजे ब्याडा, हा शब्द अक्काच्या तोंडून तू लई ऐकत असशील. ये म्हणजे बा, बस म्हणजे कूडु. आईला अव्वा. दुखणं असलं तर ब्यानी म्हणेल. वापरून बघायला माणूस नव्हतं, म्हणून शेजारच्या म्हशीला बा म्हणालो. ती आली. पण ती कशालाही येते, म्हणून हा पुरावा धरू नये.

आमच्या वडिलांचं असं होतं. निजामाच्या कचेरीत उर्दू, उदगीरच्या बाजारात मराठी, घरात कन्नड, आणि देगलूरकडचा माणूस बैल बघायला आला तर तेलगू. चार भाषा यायच्या, सही एकीतही येत नव्हती. मी त्यातल्या दोनच ठेवल्या. रविकिरणकडं एक उरली. तुझी शांभवी मला मराठीत मेसेज पाठवते आणि तो इंग्रजी अक्षरात असतो, ती किती धरायची ते तुम्ही ठरवा.

ताट ठेवल्यावर अक्का काय विचारते ते कानाला येतं तसं लिहून पाठव. सोमवारच्या आत.

तुझा,
गुरुबसप्पामामा


लोहा,
गुरुवार, १० जुलै

तीर्थरूप मामा यांस सुकन्याचा शि. सा. नमस्कार.

आपल्या शब्दांचा लई उपयोग झाला. काल नीरु म्हणून तांब्या पुढं केला तर आत्याबाईंनी माझ्या गालावरून हात फिरवला. ब्यानी विचारलं, ब्यानी नाही. आता निदान दुखत नाही एवढं कळलं.

जेवणाचं मात्र जमेना. ताट ठेवलं की त्या विचारतात, ऊटा आतेन, अव्वा? दर वेळी हेच, सकाळी पण आणि संध्याकाळी पण. मी बँकेतल्या साहेबांना फोन करून विचारलं. त्यांनी सांगितलं की हे सोपं आहे, त्या तुम्हाला आई समजून विचारतात की जेवण झालं का. मला एवढं बरं वाटलं. मी मान हलवून सांगितलं की नाही झालं, आधी तुम्ही जेवा. खरंच झालेलं नसतं. सासू उपाशी असताना सुनेनं घास घ्यायचा नाही, असं आमच्या मुरुडला आईनं मला शिकवून पाठवलं आहे, आणि वीस वर्षांत मी ते मोडलं नाही. मी नाही म्हणाले की त्या ताट माझ्याकडं सरकवतात. मी परत त्यांच्याकडं सरकवते. मग भाकरी गार होते आणि गाईला जाते. कालवडीच्या आईला दूध चांगलं सुटलं आहे.

म्हणजे मामा, शब्द कळतात आणि तरी काही कळत नाही. मलाही दोन दिवसांपासून चक्कर येऊन राहिली आहे, ह्यांना सांगितलेलं नाही.

एक विचारू का. मी ह्यांना म्हणाले की तुमच्या आईची भाषा तुम्हाला कशी येत नाही. ते म्हणाले की लहानपणी पंचमीला आईबरोबर अहमदपूरला मामाकडं जायचो तेव्हा ती बोलायची, मग एका साली बोलायची थांबली, का ते मामांना विचार. म्हणून विचारते. राग मानू नये.

आपली,
सुकन्या


अहमदपूर,
शुक्रवार, ११ जुलै

चि. सौ. सुकन्या,

आशीर्वाद. ही चिठ्ठी वाचून झाली की लगेच जेवायला बस. पुढचं सगळं नंतर वाच.

बसलीस का? आता सांगतो. उदगीरच्या पलीकडं आमच्या घरात एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या घरात मी पाहिली नाही. आमच्या आजीनं एका वाईट सालात घरच्या चौदा माणसांना वाढलं आणि मग चुलीपुढंच आडवी झाली. तीन दिवस तिच्या पोटात काही नव्हतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आजी वाचली. पण तेव्हापासून आजोबांनी ठरवून टाकलं की जी भाकरी थापते तिनं आधी जेवायचं, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, आणि मग बाकीच्यांनी हात लावायचा. आम्ही लेकरं ताटावर बसून चुलीकडं तोंड करून विचारायचो, ऊटा आतेन, अव्वा? अव्वानं पदराला हात पुसून आत म्हटलं, म्हणजे झालं म्हटलं, की मग आमचा घास. तिनं नाही म्हटलं तर आम्ही थांबायचो. भूक लागून रडायचो, पण थांबायचो.

लोह्याला गेल्यावर अक्कानं तुमच्या घरची रीत धरली, म्हणून तुम्हाला हे माहीत असायचं कारण नाही. आता ती त्या जुन्या घरात जाऊन बसली आहे. तू भाकरी थापतेस, म्हणून तू अव्वा. ती विचारते, तू खरं सांगतेस, म्हणून ती थांबते. ती थांबते म्हणून तू थांबतेस. दोघी चांगल्या वळणाच्या, म्हणून दोघी उपाशी.

तेव्हा लाजू नको. तिच्यासमोर पाट घे, पोटभर खा, तिला बघू दे. मग हात पुसून म्हण, आत. तुझ्या आईला मुरुडला मी स्वतः पत्र लिहून समजावतो.

आता दुसऱ्या प्रश्नाचं. राग कशाचा, तू विचारलंस ते बरोबर जागी विचारलंस.

रविकिरण पहिलीत गेला तेव्हा घरात आम्ही कन्नडच बोलत होतो. वर्गात त्यानं गुरुजींकडं नीरु मागितलं. वर्ग हसला. पोरगं दोन दिवस शाळेत जाईना. मी त्या दिवशी कायदा केला की ह्या घरात जो कन्नड बोलेल त्याला भाकरीबरोबर गूळ नाही. मलाही लागू. पंधरा दिवसांत घर मराठी झालं, सरकारला पण एवढं जमलं नसतं. मला त्याचा लई अभिमान होता. गिऱ्हाइकांना सांगत होतो.

त्या श्रावणात, एक्क्याऐंशी साली, अक्का पंचमीला आली. लोह्यात तिच्याशी कन्नड बोलणारं कुणी नव्हतं. वर्षभर साठवून आणायची आणि उंबऱ्यातूनच सुरू व्हायची. तशी सुरू झाली. जेवायला बसलो, आणि रविकिरणनं तिच्या ताटातला गुळाचा खडा उचलून घेतला. कायदा म्हणजे कायदा. सगळे हसले, अक्का पण हसली. मी सगळ्यांत जास्त हसलो, कारण पोरगं नियमाचं पक्कं निघालं होतं.

त्यानंतर ती दर पंचमीला आली आणि मराठीच बोलली. मला वाटलं, अक्का सुधारली.

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलं आहे असं मला वाटलंच नव्हतं. तुझ्या चिठ्ठीनंतर वाटून राहिलं.

सोमवारी काय झालं ते कळव. तोवर मास्तरांच्या वाटेकडं डोळे आहेत, आणि उद्या-परवा शाळेला सुटी आहे हे मला ठाऊक आहे.

गुरुबसप्पामामा


लोहा,
सोमवार, १४ जुलै

तीर्थरूप मामा यांस नमस्कार.

नळी टळली.

शुक्रवारी संध्याकाळी मी आत्याबाईंसमोर पाट घेतला. मान खाली घालून जेवले. ह्यांच्यासमोर, सासूसमोर, आणि त्यांच्या आधी. त्या माझ्या प्रत्येक घासाकडं बघत होत्या, घास मोठा घेतला की मान डोलवायच्या. मग मी हात पुसून आत म्हणाले. त्यांनी ताट ओढलं आणि दीड भाकरी, शेंगाची चटणी आणि वाटीभर दही संपवलं. हे उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ गाईजवळ उभे राहिले.

डॉक्टर आज म्हणाले की औषध लागू पडलं.

गुळाचं मी ह्यांना सांगितलेलं नाही. ते आपण आत्याबाईंनाच सांगायचं, असं मला वाटतं. एवढी वर्षं पंचमीला त्या आपल्याकडं आल्या, ह्या खेपेला आपण या. पंचवीस तारीख तोवर उलटते. त्यांनी ओळखलं नाही तर मात्र मनाला लावून घेऊ नये. त्यांच्या लेखी तम्मा अजून एवढासाच आहे. रोज त्याचं नाव काढतात.

आपली,
सुकन्या


लोहा,
शुक्रवार, १ ऑगस्ट

तीर्थरूप मामा यांस शि. सा. नमस्कार.

आपण काल सुखरूप पोचला असाल. गुडघ्यानं एसटीची पायरी कशी चढली?

आपण चार दिवस राहिलात, घर भरल्यासारखं वाटलं. पण मला दोन गोष्टींची रुखरुख लागून राहिली आहे, म्हणून लिहिते.

एक म्हणजे आत्याबाईंनी आपल्याला ओळखलं का नाही ते शेवटपर्यंत कळलं नाही. पहिल्या दिवशी त्या आपल्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. नंतर आपण दोघं ओसरीवर बसून काय बोलत होता ते मला कळायचं कारण नाही. आपणही काही सांगितलं नाही, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. पहिल्या दिवशी मी माझं जेवण उरकून आपल्याला वाढलं, तेव्हा ताटात गुळाचा खडा ठेवला होता. दही घेऊन आले तर खडा नव्हता. आपल्याला आवडला असेल म्हणून दुसरा ठेवला. आपण राहू दे म्हणालात. चटणी घेऊन आले तर तोही नव्हता, आणि आपलं तोंड चालत नव्हतं. शेजारी हे बसले होते. माझा संशय ह्यांच्यावर आहे. पाहुण्याच्या ताटातून, तेही मामाच्या, साखरेचा आजार असलेल्या माणसानं असं करावं, याचं मला फार वाईट वाटलं. हे आईची शपथ घेऊन नाही म्हणतात. मी साखर तपासून घेतली, वाढलेली निघाली नाही, तरी माझा विश्वास नाही. पाच दिवस झाले, आमचं बोलणं बंद आहे. गुळाचा डबा मी गव्हाच्या कोठीत लपवला आहे. आपल्याला गुळावाचून जेवावं लागलं, त्याबद्दल क्षमा असावी.

आपली,
सुकन्या


॥ श्री महादेव प्रसन्न ॥

अहमदपूर,
शनिवार, २ ऑगस्ट

चि. सौ. सुकन्या हिला अनेक आशीर्वाद, आणि वीरेशला दुप्पट, त्याला त्यांची गरज दिसते.

पायरी गुडघ्यानं चढली, मी मागून गेलो. आमचं आता थोडं जुळलं आहे.

वीरेशशी आधी बोल. त्यानं गूळ घेतला नाही. समोर घडलं तेव्हा तो पापड मोडत होता, त्यामुळं त्याला साक्षीला पण बोलावता येत नाही. जे झालं ते असं.

मी दोन आठवडे कन्नड वाक्यं पाठ केली होती. रविकिरणला वाटलं की मी देवाचं काही म्हणून राहिलो. पण अक्कासमोर बसलो आणि तिचे पिकलेले केस बघितले, तसं सगळं गेलं. तोंडातून मराठीच निघाली. अक्का, बरी आहेस का, एवढंच म्हणालो. तिनं माझ्याकडं लई वेळ पाहिलं. मग तो झटक्यातून उठलेला उजवा हात लांब केला, माझ्या ताटातला खडा उचलला आणि स्वतःच्या तोंडात टाकला. तू दुसरा ठेवलास, मी तुला मराठीत राहू दे म्हणालो, तोही गेला.

मी तक्रार केली नाही. कायदा माझाच होता, तिनं फक्त बाजू बदलली.

आता ओळखीचं. सुकन्या, तम्मा एवढासा होता तेव्हा हा कायदा नव्हता. तो करणारा गुरुबसप्पा तेहतीस वर्षांचा, दुकानदार, मिशा असलेला माणूस होता. अक्कानं गूळ घेतला तो त्याच्या ताटातून. तिनं मला ओळखलं, आणि नेमकं ज्यासाठी ओळखायला पाहिजे त्यासाठीच ओळखलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी अडखळत अडखळत तिला म्हणालो, अक्का, बेल्ला बेकु. तिनं कनवटीचा खडा काढला, दातानं तोडला आणि अर्धा माझ्या हातावर ठेवला. कनवटीला तो कुठून आला हे मी विचारलं नाही. तू गव्हाच्या कोठीत बघ, आणि डबा रिकामा निघाला तर वीरेशला काही म्हणू नको. त्यानंतर आम्ही तीन दिवस काय बोललो ते विचारतेस तर, मुख्यतः आमच्या लहानपणच्या एका शेळीबद्दल.

रविकिरणला काल सगळं सांगितलं. तो पन्नाशीचा बाप्या, दुकानाची फळी धरून उभा राहिला. मग त्यानं मला विचारलं की आत्याला नीरु म्हटलेलं चालेल का. पुढच्या रविवारी तो लोह्याला येतो आहे. सोबत एक गुळाची ढेप आणतो, ती आत्याच्या हातात देऊ दे, मधे घेऊ नको.

तुझी कंबर, वीरेशची साखर, शांभवी, कालवड आणि अक्का, सगळ्यांचं एकेक करून कळव. उत्तर सोमवारीच मास्तरांच्या पिशवीत पडलं पाहिजे. त्यात एक ओळ तरी अक्काला विचारून कन्नडात लिही. कोरं मराठी उत्तर आलं तर पुढच्या खेपेला तिच्या शेजारी बसताना ताट आपलं आपण सांभाळायचं.

तुझा,
गुरुबसप्पामामा